आखूड मापाची बेस गिटार : घडवून घेण्याआधी

पावसाळ्यातील रविवारी खडकवासला धरणालगतच्या चौपाटीवर भाजलेली कणसे आणि कांदाभजी यांच्या जोडीला एखाद्या घोळक्यातून गिटारचे सूर ऐकू येणे, ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. सहा तारांची गिटार पुणेकरांच्या घरात केव्हाच रुळली. तिची थोरली बहीण, म्हणजे चार जाड तारांची बेस गिटार, मात्र अनेकांना दुरूनच माहीत असते. वाद्यवृंदात ती मागच्या रांगेत उभी असते. विजेच्या साहाय्यावाचून तिचा आवाज फारसा पोचत नाही. हिंदी चित्रपटगीतांत राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांच्यासारख्या वादकांनी या वाद्याला मोठे स्थान मिळवून दिले. तरीही श्रोत्यांच्या ओठांवर वादकाचे नाव क्वचितच आले.

हे वाद्य शिकू पाहणाऱ्याची पहिली अडचण बहुधा सुराची नसते, मापाची असते. दुकानात मांडलेल्या बहुतेक बेस गिटार मोठ्या मापाच्या असतात. लहान चणीच्या मुलामुलींचा डावा हात पहिल्या पडद्यापर्यंत पोचता पोचता पूर्ण ताणला जातो आणि मनगट दुमडते. 'हात लहान आहे, हे वाद्य जमणार नाही', असा निकाल तिथेच लागतो. वास्तविक आखूड मापाची बेस गिटार हा या अडचणीवरचा जुना, सन्मान्य आणि जगभर मान्य झालेला उपाय आहे. परंतु आपल्याकडे अशी तयार वाद्ये तुलनेने कमी मिळतात आणि डावखुऱ्या वादकासाठी तर निवड नावापुरतीच उरते. त्यामुळे कारागिराकडून हवी तशी गिटार घडवून घेण्याचा विचार पुढे येतो. हा निर्णय खर्चाचा आहे. शिवाय लाकडावर एकदा करवत चालली की माप बदलता येत नाही. म्हणून मागणी नोंदवण्याआधी काही गोष्टी समजून घेणे हिताचे ठरते.

'स्केल' म्हणजे काय?

आपल्याकडे गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या बोलण्यात 'स्केल' म्हणजे पट्टी. काळी दोन, पांढरी चार इत्यादी. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. गिटार घडवणाऱ्याच्या भाषेत स्केल म्हणजे तारेच्या कंप पावणाऱ्या भागाची लांबी. मानेच्या टोकाशी तारांसाठी खाचा असलेली पट्टी असते, तिला नट म्हणतात. तेथून धडावरील घोडीपर्यंतचे अंतर म्हणजे स्केल. प्रत्यक्ष मोजताना नटपासून बाराव्या पडद्यापर्यंतचे अंतर घेऊन त्याची दुप्पट करतात. कारण घोडी सुराच्या अचूकतेसाठी किंचित मागेपुढे सरकवलेली असते.

बेस गिटारमध्ये ३४ इंचांचे माप सर्वाधिक प्रचलित असून त्याला लांब माप म्हणतात. ३२ इंचांच्या आसपासचे मध्यम आणि ३० ते ३१ इंचांच्या दरम्यानचे ते आखूड माप. सुरावट तिन्हींची एकच असते. सहा तारांच्या गिटारमधील खालच्या चार तारा जशा मिळवतात, तशाच, परंतु एक सप्तक खाली, या चार तारा मिळवल्या जातात. सर्वांत खर्जातली तार सेकंदाला सुमारे ४१.२ कंपने करते. पुढच्या तिन्ही अनुक्रमे ५५, ७३.४ आणि ९८. म्हणजे माप आखूड केले तरी स्वर तेच राहतात. बदलतो तो तारेचा ताण, बोटांमधले अंतर आणि नादाचा पोत.

आरंभ आखूड मापानेच

आखूड मापाची बेस म्हणजे शिकाऊंचे वाद्य, हा समज इतिहासाला धरून नाही. अमेरिकेतील सिएटल येथील पॉल टटमार्क यांनी १९३० च्या दशकाच्या मध्यास 'ऑडिओव्हॉक्स' या नावाने पडदे असलेली, आडवी धरून वाजवायची विद्युत बेस बाजारात आणली. तिचे माप सुमारे ३० इंच होते. उभ्या धरून वाजवायच्या अवजड डबल बेसला हा पर्याय होता. परंतु तो त्या काळी फारसा पसरला नाही.

१९५१ मध्ये कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांची 'प्रिसिजन बेस' आली आणि ३४ इंचांचे माप रूढ झाले. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून हे नाव. फेंडर यांच्या यशानंतर बाकीच्या उत्पादकांनीही ते माप मोठ्या प्रमाणावर स्वीकारले. पण सर्वांनी नव्हे. गिब्सन कंपनीने १९५३ मध्ये आणलेली पहिली विद्युत बेस साडेतीस इंचांची होती. जर्मनीतील हॉफनर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची बेस १९५० च्या दशकाच्या मध्यास आली. तिचेही माप ३० इंचांच्या घरात होते. बीटल्सचे पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे ती विकत घेतली. ते डावखुरे, वाद्य दोन्ही बाजूंनी सारखे असल्याने उलटे धरले तरी विचित्र दिसत नसे, हेही त्या निवडीमागचे एक कारण होते. हीच गिटार १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेली आणि अर्धशतकानंतर मूळ मालकाच्या हाती परतल्याची वार्ता २०२४ मध्ये जगभर झळकली. खुद्द फेंडर कंपनीनेही १९६६ मध्ये ३० इंची 'मस्टँग बेस' बाजारात आणली.

मागणीनुसार घडवलेल्या आखूड बेसचे सर्वांत ठळक उदाहरण मात्र जॅझवादक स्टॅन्ली क्लार्क यांचे आहे. मूळचे डबल बेसवादक असलेल्या क्लार्क यांची बोटे लांब आणि उंचीही भरपूर. तरीही १९७० च्या दशकापासून त्यांनी कॅलिफोर्नियातील अलेंबिक या कारखान्याची आखूड मापाची बेस हाती धरली आणि तिच्यावर स्वतंत्र वादनाची शैली उभारली. हात लहान असणाऱ्यांनीच हे माप निवडावे, हा समज या एका उदाहरणाने मोडीत निघतो.

बोटांचा हिशेब

पडद्यांची जागा ठरवण्याचे गणित सरळ आहे. सप्तकाचे बारा समान भाग करायचे असल्याने प्रत्येक पुढचा पडदा उरलेल्या लांबीच्या सुमारे १७.८ व्या हिश्श्यावर बसतो. ३४ इंची, म्हणजे ८६३.६ मिलिमीटर मापाच्या गिटारमध्ये नट आणि पहिला पडदा यांतील अंतर सुमारे ४८.५ मिलिमीटर येते. ३० इंची, म्हणजे ७६२ मिलिमीटर मापात ते ४२.८ मिलिमीटर होते. एका पडद्यामागे सहा मिलिमीटरहून कमी, म्हणजे फरक क्षुल्लक वाटेल. पण चार बोटे चार पडद्यांवर ठेवून वाजवायचे असल्यास पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंतचे अंतर लांब मापात सुमारे १३० आणि आखूड मापात ११४ मिलिमीटर भरते. हा दीड सेंटिमीटरचा फरक तासभराच्या सरावानंतर मनगटाला स्पष्ट जाणवतो. शिवाय मान आखूड झाल्याने खांदाही तितका पुढे जात नाही. अर्थात मनगटात किंवा बोटांत सतत वेदना वा मुंग्या येत असतील, तर वाद्य बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवणे श्रेयस्कर. चुकीची बैठक कोणत्याही मापात त्रास देते.

या गणितातून एक सोपी चाचणी हाती येते. नेहमीच्या ३४ इंची बेसवर दुसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सर्व तारा दाबून धरणारा चिमटा लावला, तर उरलेली लांबी सुमारे ३०.३ इंच होते. मग चारही तारा दोन-दोन अर्धस्वर उतरवल्या की मोकळ्या तारांचे मूळ स्वर पुन्हा मिळतात. हीच जवळजवळ आखूड मापाची बेस. मित्राची वा वर्गातील गिटार मागून आठवडाभर अशा रीतीने वाजवून पाहिली, तर हे माप आपल्याला मानवते की नाही, हे एक पैही खर्च न करता कळते. मान या ठिकाणी किंचित रुंद लागते, तेवढी सवलत धरावी.

नाद वेगळा, कमी नव्हे

तारेची जाडी आणि स्वर तोच ठेवून लांबी कमी केली, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. ३४ वरून ३० इंचांवर येताना ताण सुमारे २२ टक्क्यांनी उतरतो. म्हणून आखूड मापाची तार बोटाखाली मऊ लागते आणि मींड घेणे सोपे जाते. याच कारणाने ती जोरात छेडली की अधिक झोके घेते आणि पडद्यांवर आपटून खरखरते. खर्जाच्या तारेबाबत आणखी एक गोष्ट घडते. जाड तार आखूड केली की ती तारेपेक्षा सळईसारखी वागू लागते. तिचे वरचे अनुस्वर मूळ स्वराच्या नेमक्या पटींत न राहता थोडे चढे होतात. परिणामी मोठ्या मापाच्या बेसमध्ये ऐकू येणारी धातूची धार येथे बोथट होते आणि त्याऐवजी गोल, घुमारेदार स्वर मिळतो. बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांतील बेसचा गुबगुबीत नाद ज्यांना प्रिय आहे, त्यांना हा दोष वाटणारच नाही. ज्यांना चापटी मारून वाजवण्याच्या शैलीतील खणखणीत ठोका हवा आहे, त्यांनी मात्र विचार करावा.

ताण भरून काढण्यासाठी अधिक जाड तार लावता येते; पण ताण पूर्ववत करायचा तर तारेचे दर इंची वजन सुमारे २८ टक्क्यांनी वाढवावे लागते आणि सळईचा दोष तितकाच वाढतो. त्यामुळे अनुभवी वादक मध्यम जाडीच्या, पातळ गाभ्याच्या तारा पसंत करतात. गुळगुळीत सपाट वेढ्याच्या तारा या मापाला विशेष शोभतात.

मिरजेने घालून दिलेला पाठ

वादकाच्या देहाप्रमाणे वाद्याचे माप बेतावे, ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. सांगली जिल्ह्यातील मिरज येथे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तंबोरे आणि सतारी घडवल्या जातात. शस्त्रांना धार लावण्याचा व्यवसाय करणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब हे या परंपरेचे आद्य कारागीर मानले जातात. शस्त्रांची मागणी ओसरू लागली तेव्हा या हातांनी वाद्यांकडे मोर्चा वळवला आणि पुढे 'सतारमेकर' हेच घराण्याचे आडनाव झाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेत होते. १९३७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर दफनही तेथील दर्ग्याच्या आवारात झाले. अशा गवयांच्या कानाखाली हा व्यवसाय घडला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला स्वतंत्रपणे भौगोलिक मानांकन मिळाले.

या कारागिरांकडे तंबोरा मागायला गेलेल्या ग्राहकाला पहिला प्रश्न पट्टीचा विचारला जातो. पुरुषांचा तंबोरा काळी एक, काळी दोनच्या सुमारास लागतो. त्याची दांडी लांब आणि भोपळा मोठा. स्त्रियांचा तंबोरा काळी चार, काळी पाचला लागतो. म्हणून तो मापाने लहान. पंढरपूरच्या बाजूने येणारे भोपळे निवडतानाच वाद्याचा आकार ठरलेला असतो. स्त्रियांच्या तंबोऱ्याला कोणी 'शिकाऊ' म्हणत नाही. लांबी, तारेची जाडी आणि स्वर ही तीन सूत्रे एकमेकांत गुंफलेली आहेत आणि त्यांतले एक बदलले की उरलेल्या दोहोंचा विचार करावा लागतो, हे मिरजेच्या कारागिराला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. अखेरीस घोडीवरची जवारी ज्या गायकासाठी काढायची त्याच्या कानाला पटेपर्यंत घासली जाते.

बेस गिटार घडवणारा कारागीर वेगळ्या परंपरेतला असतो. पडदेवाल्या मानेचे, लोखंडी सळईचे आणि विद्युत जोडणीचे त्याचे तंत्र स्वतंत्र आहे. तंबोरा उत्तम करणारा हात बेस गिटार करीलच असे नाही. मात्र ग्राहकाने कारागिराकडे कसे जावे, याचा पाठ मिरजेकडून घेता येतो. आधी गळा, मग पट्टी, मग माप आणि शेवटी शोभा, असा तेथला क्रम आहे. गिटारच्या बाबतीत तरुण ग्राहक बहुधा रंगापासून सुरुवात करतो आणि मापाकडे शेवटी वळतो.

आधी तारा, मग आराखडा

मागणी नोंदवताना पहिली निश्चिती तारांची करावी. आखूड मापासाठी तारांचे वेगळे संच येतात. तारेचा जाड भाग नट ओलांडून गेला पाहिजे. पण त्याने खुंटीला वेढा घेऊ नये. लांब मापाची तार आखूड गिटारला लावली, तर जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो, वेढे सैल पडतात आणि तार मृत वाटू लागते. उलटपक्षी, तारा धडाच्या मागून ओवून घ्यायची रचना केली, तर तेवढीच तार जास्त खर्ची पडते आणि आखूड संच अपुरा ठरू शकतो. घोडीची रचना, नट आणि पहिल्या खुंटीतील अंतर या दोन्ही गोष्टी बाजारात खात्रीने मिळणाऱ्या तारांवरून ठरवाव्यात. गिटार वर्षानुवर्षे टिकते. तारा मात्र पुन्हा पुन्हा घ्याव्या लागतात.

दुसरी निश्चिती मानेची. नटपाशी मान ३८ मिलिमीटरची असावी की ४२ ची, पाठीमागचा आकार पातळ असावा की भरीव, हे आकड्यांवरून ठरवण्यापेक्षा दोन-तीन वेगवेगळी वाद्ये हातात धरून ठरवावे. स्केल आखूड म्हणून तारांमधले अंतरही आपोआप कमी करण्याची गरज नसते. उजव्या हाताच्या बोटांना नेहमीची मोकळीक हवी असेल, तर घोडीपाशी तारांमधील अंतर १९ मिलिमीटरच्या आसपास ठेवावे, असे स्पष्ट लिहून द्यावे.

तिसरी गोष्ट तोलाची. पट्टा खांद्यावर अडकवून हात सोडला की मान जमिनीकडे झुकणे हा अनेक बेस गिटारचा दोष असतो. मग डावा हात वाजवण्याऐवजी मान सावरण्यात गुंततो आणि आखूड मापाचा सारा लाभ वाया जातो. पट्ट्याची वरची गुंडी बाराव्या पडद्याच्या जवळपास यावी, अशा रीतीने धडाचे वरचे शिंग काढल्यास आणि वजनाला हलक्या खुंट्या वापरल्यास हा दोष बराच टळतो. धड पोकळ करून वजन अवाजवी उतरवले, तर मात्र तोल पुन्हा मानेकडे जातो. म्हणून आराखडा कागदावर पाहून थांबू नये. पूर्ण मापाचा पुठ्ठ्याचा किंवा प्लायवूडचा साचा कापून तो बसून आणि उभ्याने धरून पाहावा.

या सर्व गोष्टी मिलिमीटरमध्ये, एका कागदावर, दोघांच्या स्वाक्षरीनिशी असाव्यात. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत आणि प्रत्येक टप्प्याला काय दाखवले जाईल, तेही त्यात नोंदवावे. कारागिराने आधी केलेली किमान एक आखूड मापाची बेस वाजवून पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये. बेतून घेतलेले वाद्य विकायला काढल्यास प्रसिद्ध कंपनीच्या गिटारइतका भाव सहसा येत नाही, याचीही मनाशी तयारी ठेवावी.

लाकूड आणि वीज

मानेसाठी जगभर मेपलचे लाकूड वापरले जाते. आपल्याकडे सागाची मान करणारेही आहेत. साग टिकाऊ खरा, पण त्यातील तेलकटपणामुळे सांधा चिकटवण्यापूर्वी पृष्ठभाग नीट पुसून घ्यावा लागतो. तंबोऱ्यासाठी वापरले जाणारे तूनचे लाकूड हलके असल्याने गिटारच्या धडाला चालते. फिंगरबोर्डासाठी भारतीय शिसवीची ख्याती जगभर आहे. शिसवीच्या साऱ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २०१७ पासून निर्बंधांखाली आला होता. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस त्यातून सूट मिळाली. जात कोणतीही असो, लाकूड पुरेसे वाळलेले असणे हे नावापेक्षा अधिक महत्त्वाचे. मानेच्या पोटात दोन्ही दिशांनी फिरवता येणारी लोखंडी सळई, म्हणजे ट्रस रॉड, असावीच. आखूड मानेवर ताण कमी असला तरी ती टाळू नये.

विजेच्या बाजूने एक गोष्ट विशेष आहे. आपल्या घरातील वीजप्रवाहाची वारंवारता ५० हर्ट्‌झ. बेसच्या खर्जाच्या तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा स्वर ४९ हर्ट्‌झचा. म्हणजे सदोष जोडणीतून येणारी घरघर थेट बेसच्या स्वरक्षेत्रात येऊन बसते आणि ती गाळून काढू गेल्यास स्वरही गाळला जातो. यासाठी दोन उलट्या वेटोळ्यांचे, घरघर परस्पर रद्द करणारे पिकअप घेणे आणि आतील पोकळीला तांब्याच्या पत्र्याचे अस्तर देऊन ते नीट जोडणे इष्ट. गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा पावसात उभारलेल्या रंगमंचावर वाजवायचे असल्यास तीन पिनांची, भक्कम अर्थिंग असलेली जोडणी तपासणे हा जिवाचा प्रश्न असतो. तेथे संकोच करू नये.

धरणाकाठची हवा

खडकवासल्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्या वादकाला हवेकडे दुर्लक्ष करून चालत नाही. जून ते सप्टेंबर या काळात सिंहगडाच्या बाजूने येणारे ढग आणि जलाशयाचा शेजार यांमुळे भिंतींनाही ओल धरते. मार्च ते मे या महिन्यांत तीच हवा कोरडी ठणठणीत होते. लाकूड ओलावा शोषून रुंदीत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. लांबीत मात्र ते फारच थोडे बदलते. म्हणून पडद्यांमधली अंतरे बिघडत नाहीत, परंतु उन्हाळ्यात फिंगरबोर्ड आकसून पडद्यांची टोके कडेला बाहेर येतात आणि हाताला टोचतात. मानेचा बाकही ऋतूप्रमाणे बदलतो आणि तारा पडद्यांवर घासू लागतात अथवा वर उचलल्या जातात.

यावर उपाय साधे आहेत. गिटार भिंतीला टेकून न ठेवता पेटीत ठेवावी. पावसाळ्यात पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. मानेची सळई वर्षातून दोनदा, पावसाळा सुरू झाल्यावर आणि उन्हाळा तापल्यावर, जाणकाराकडून तपासून घ्यावी; एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये. शक्य असल्यास कारागिराला लाकूड एक पावसाळा कारखान्यात मुरू देण्यास सांगावे. ऑगस्टमधल्या दमट हवेत घाईने पूर्ण केलेली मान एप्रिलमध्ये कशी वागेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. आखूड गिटारचा एक जास्तीचा लाभ येथे नोंदवावा : स्वारगेटहून खडकवासल्याकडे येणाऱ्या गर्दीच्या बसमध्ये ती घेऊन चढणे लांब गिटारपेक्षा निश्चितच सुसह्य असते.

वाद्य ताब्यात घेताना

घडलेली गिटार पहिल्यांदा समोर आली की रंगाची झळाळी डोळे दिपवते. तपासणी मात्र शांतपणे करावी. प्रथम मोजपट्टीने नट ते बारावा पडदा हे अंतर पाहावे. ३० इंची मापात ते ३८१ मिलिमीटर भरले पाहिजे. नंतर प्रत्येक तारेचा बाराव्या पडद्यावरचा दाबलेला स्वर आणि त्याच जागी बोट नुसते टेकवून काढलेला अनुस्वर ट्यूनरवर ताडून पाहावा. दोन्ही एकच यावेत. ते येत नसतील आणि घोडीचा तुकडा मागे सरकवण्यास जागाच उरली नसेल, तर घोडी चुकीच्या ठिकाणी बसली आहे, असे समजावे. खर्जाच्या जाड तारेला ही मागची जागा सर्वांत जास्त लागते. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा वाजवून खरखर किंवा अचानक विझणारा स्वर आढळतो का, ते पाहावे. पट्टा लावून हात सोडावेत आणि मान कोठे जाते ते पाहावे. शेवटी ध्वनिवर्धकाला जोडून, काही न वाजवता, केवळ शांतता ऐकावी. ध्वनिवर्धक लहान असेल, तर ४१ हर्ट्‌झचा मूळ स्वर त्यातून फारसा बाहेर पडत नाही. कान तो अनुस्वरांवरून जुळवून घेतो. म्हणून खर्जाचा निवाडा मोठ्या ध्वनिवर्धकावरच करावा.

त्रुटी आढळल्यास ती त्याच बैठकीत कागदावर उतरवावी. नट, घोडी, पिकअप आणि पडद्यांची घासाई या गोष्टी दुरुस्त होऊ शकतात. चुकलेले स्केल आणि वळलेली मान यांना मात्र सोपा इलाज नाही. तेथे नवीन मान मागणेच न्याय्य. हा हक्क आधीच्या करारात लिहिलेला असेल, तरच तो शांतपणे मागता येतो.

आखूड मापाची बेस गिटार हे मोठ्या वाद्याचे बाळरूप नाही. तिचा ताण, तिचा नाद आणि तिची अंगलट यांचे स्वतःचे शास्त्र आहे. ज्याचा हात लांब मानेवर पोचत नाही, त्याच्यासाठी ती वाद्य शिकणे आणि वाद्य सोडून देणे यांतला फरक ठरू शकते. दुकानातल्या मापात आपण बसत नाही म्हणून संगीताचा नाद सोडण्याआधी चारशे रुपयांचा कॅपो, एक मोजपट्टी आणि मागून आणलेली गिटार घेऊन आठवडाभर बसावे. त्या आठवड्याअखेर जो आकडा कागदावर उतरेल, तो कारागिराकडे न्यावा. मिरजेच्या गल्लीत तंबोरा मागायला जाणारा गवई आपली पट्टी अशीच सोबत घेऊन जातो.